घाटपायथ्याचा थांबा : खोपोलीचा तळ, तलाव आणि बाजार

बोरघाट चढायचा म्हणजे आधी पायथ्याशी थांबायचे, हा नियम रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा. पनवेलच्या खाडीवरून माल घेऊन निघालेला बैलांचा तांडा चौक ओलांडून खालापूर मुलखात शिरला की समोर सह्याद्रीची भिंत उभी राही. एका दमात ती चढणे ना माणसाला जमे, ना जनावराला. ओझी उतरायची, बैलांना पाणी दाखवायचे, रात्र काढायची आणि पहाटेच्या गारव्यात चढणीला लागायचे. वरून उतरणाऱ्यांनाही मोकळा श्वास इथेच मिळे. या सक्तीच्या थांब्यातून जी वस्ती उभी राहिली, ती खोपोली.

गावांचे इतिहास बहुधा राजांच्या किंवा वतनदारांच्या नावाने लिहिले जातात. खोपोलीला ते मोजमाप लावता येत नाही. हे गाव कुणाची राजधानी नव्हते, त्याला तटबंदी नव्हती, की मोठे बंदर नव्हते. वाटसरूला पाणी, सावली आणि बाजार देणारी जागा, हीच त्याची ओळख. तलाव, देऊळ आणि गाडीतळ या तिघांची मिळून इथे एक संस्थाच तयार झाली. तिची घटना कुणी लिहिली नाही, कार्यकारी मंडळ निवडले नाही. तरीही ती शतकानुशतके चालली. स्मरणिकेच्या या पानांत तिचाच इतिहास मांडायचा आहे.

आरंभ खोपोलीच्या थोडा उत्तरेला करावा लागतो. कर्जत तालुक्यात, उल्हास नदीच्या खोऱ्यात, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास खोदलेला हा चैत्य आणि विहार. दगडात कोरताना लाकडी बांधकामाची नक्कल इतकी हुबेहूब केली आहे, की कमानीखाली उभे राहिले की सुतारकामच पाहतो आहोत असे वाटते. चैत्याच्या दर्शनी भागाजवळ एका भंगलेल्या मूर्तीचे मस्तक आहे आणि त्याच्या बाजूला ब्राह्मी लिपीतला छोटासा लेख. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, एवढीच नोंद त्यात आहे. या तालुक्यातल्या कुणा कारागिराचे नाव आपल्याला ठाऊक असेल तर सर्वांत जुने बहुधा हेच. ना पदवी, ना गाव, ना राजाचा उल्लेख. गुरूचे नाव आणि आपले नाव.

भिक्षूंनी डोंगराच्या कुशीत जागा निवडली, ती एकांतासाठी तर खरीच. पण नकाशा उलगडून पाहिला तर दुसरी गोष्ट लगेच ध्यानात येते. खाली कोंडाणे, वर घाटमाथ्यावर कार्ले, भाजे आणि बेडसे. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतून जुन्नर, पैठण, तेरकडे जाणारा माल याच दऱ्याखोऱ्यांतून वर चढे. विहार या वाटेच्या काठाने वसले. कार्ल्याच्या चैत्यातले दानलेख वाचले की दाते कोण होते ते कळते : वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, तिथलाच सुतार सामी आणि कितीतरी यवन. व्यापाऱ्याने दान द्यायचे, भिक्षूंनी वाटेवर निवारा, पाणी आणि उपदेश द्यायचा. सह्याद्रीच्या भिंतीच्या दोन्ही अंगांनी धर्म आणि व्यापार अशा रीतीने शेजारी राहिले.

जगाच्या पाठीवर अशा वस्त्या पुष्कळ. अगदी दूरचे उदाहरण द्यायचे तर कॅनडाच्या ईशान्य टोकाला, लॅब्रॅडॉरच्या बर्फाळ किनाऱ्यावर मोरेव्हियन पंथाच्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी १७७१ मध्ये नेन नावाचे ठाणे वसवले. प्रार्थनाघर आणि मालाचे कोठार एकाच आवारात. इन्युइट शिकाऱ्यांनी कातडी, सीलची चरबी आणि मासे आणावेत आणि बदल्यात कापड, अवजारे, पीठ न्यावे. वर्षाकाठी लंडनहून एक जहाज येई आणि त्यावरच सारा व्यवहार चाले. हा व्यापार मिशनने दीडशेहून अधिक वर्षे सांभाळला आणि १९२६ मध्ये हडसन्स बे कंपनीच्या हाती दिला. दुकान आणि देवघर एकाच मालकाकडे असले की गिऱ्हाईक आणि भक्त यांत भेद उरत नाही. भक्तच कर्जदार होतो. या दृष्टीने आपल्या घाटपायथ्याचा अनुभव अधिक मोकळा होता असे स्पष्ट म्हणावेसे वाटते. इथे देऊळ बांधणारा एक, बाजार भरवणारे दुसरे आणि माल वाहणारे तिसरेच. तलावाचे पाणी पिण्यासाठी कुणाचे देणेकरी व्हावे लागत नव्हते. जातिभेदाच्या भिंती मात्र त्या काळी पाणवठ्यावरही होत्या, हे विसरून चालणार नाही.

मधल्या शतकांत या वाटांचे लष्करी मोल वाढले. कुरवंड्याच्या वाटेने कोकणात उतरणाऱ्या मोगल सरदार कारतलबखानाच्या मोठ्या फौजेला २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कोंडून शरण आणले. ती खिंड आजच्या खालापूर तालुक्यातच आहे. डोंगर, झाडी आणि पाण्याचा अभाव ही तिन्ही शस्त्रे महाराजांनी तिथे वापरली. तहानेने व्याकूळ झालेल्या सैन्याला लढणे अवघड असते, हा धडा या परिसराने तेव्हा पाहिला. पुढे पेशवाईच्या काळात, १७२५ मध्ये, सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी महडला वरदविनायकाचे मंदिर बांधले. अष्टविनायकांपैकी हे स्थान खोपोलीपासून जवळच. त्यामुळे व्यापाऱ्यांच्या वाटेवर यात्रेकरूंचीही भर पडली.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईकर इंग्रजांच्या नजरा पुण्याकडे वळल्या आणि बोरघाटाचा पायथा रणभूमी झाला. १७७८च्या अखेरीस रघुनाथरावांना गादीवर बसवण्यासाठी निघालेली इंग्रज फौज याच घाटाने वर चढली. तिच्यासोबत सुमारे १९ हजार बैल होते. इतका लवाजमा घाटातून हलवताना चाल गोगलगायीच्या गतीने झाली आणि मराठ्यांना सज्ज व्हायला वेळ मिळाला. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, आपल्या लोकांचा ‘इष्टुर फाकडा’, पडला आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना मानहानीचा तह करावा लागला. दोन वर्षांनी जनरल गॉडर्ड आला. फेब्रुवारी १७८१ मध्ये त्याने घाट सर केला आणि आपला मुख्य तळ घाटाखाली खोपोलीला ठोकला. पुण्याचा दरबार दबेल ही त्याची अपेक्षा होती. दरबारात नाना फडणवीस होते. ते दबले नाहीत. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांच्या तुकड्यांनी त्याची रसद तोडत नेली आणि एप्रिलमध्ये गॉडर्डला मोठे नुकसान सोसून पनवेलकडे माघारी जावे लागले. माणसे आणि जनावरे यांना रोज दाणापाणी पुरवणे हे घाटपायथ्यावरचे खरे युद्ध होते.

ज्या नानांनी हे युद्ध पुण्यात बसून चालवले, त्यांनीच खोपोलीला आज उभा असलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ बांधले. वीरेश्वर या नावाने ते ओळखले जाते. नानांचे निधन १३ मार्च १८०० रोजी झाले. म्हणजे या कामाला आता सव्वादोनशे वर्षे नक्कीच उलटून गेली. मेणवलीचा वाडा आणि पुण्याची बेलबाग ही नानांची बांधकामे सर्वांना ठाऊक आहेत, त्यांवर लेख येतात, चित्रपटांत ती दिसतात. खोपोलीच्या तलावाचे नाव मात्र त्या यादीत क्वचित घेतले जाते. उपयोगाच्या कसोटीवर लावले तर तिन्हींत पहिला मान याच कामाला द्यावा लागेल. वाडा एका कुटुंबासाठी होता. बेलबाग पुणेकरांसाठी होती. तलाव मात्र घाट चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या प्रत्येकासाठी होता.

कोकणाला पावसाची वाण नाही. खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात आषाढ-श्रावणात डोंगरावरून धबधबे कोसळतात आणि ओढे दुथडी भरून वाहतात. पण हे पाणी थांबत नाही. शिमगा संपता संपता ओढे कोरडे पडतात. आणि व्यापाराचा हंगाम नेमका तेव्हाचा. दिवाळीनंतर वाटा सुकल्या की तांडे निघत आणि मृगाच्या आत परतत. ज्या महिन्यांत वाट वाहती, त्याच महिन्यांत पाणी आटलेले. हे कोडे सोडवायला बांधीव तलावाखेरीज उपाय नव्हता. पावसाळ्यात साठवलेले पाणी वैशाखापर्यंत पुरवायचे, दगडी काठ बांधून गाळ अडवायचा, पायऱ्यांवरून माणसाला खाली उतरता यावे अशी सोय करायची. कारभारी माणसाची नजर त्यात दिसते. राज्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा व्यापारी मालावरच्या जकातीचा. ज्या वाटेवर बैल मरतात त्या वाटेला व्यापारी फिरकत नाही, हे फडणीशी सांभाळणाऱ्या माणसाला कुणी सांगावे लागत नाही. पुण्य आणि हिशेब यांची इथे गाठ पडली.

या जागेची कीर्ती परक्या प्रवाशांनीही लिहून ठेवली. १८२५च्या पावसाळ्यात कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर मुंबईहून पुण्याला जाताना इथून गेले. ख्रिस्ती धर्माचा हा मोठा अधिकारी मिशनच्या कामासाठी देशभर फिरत होता. आपल्या रोजनिशीत खोपोलीच्या सुंदर गावाची, तलावाची आणि महादेवाच्या देवळाची नोंद त्याने आवर्जून केली आणि ते नाना फडणवीसांनी बांधल्याचेही लिहिले. नाना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती, पेशवाई बुडून सात. तरीही वाटसरूला बांधणाऱ्याचे नाव पहिल्या दमात सांगितले जात होते.

तळावर कोण उतरे? सर्वांत मोठी संख्या वंजारी आणि लमाण तांड्यांची. नायकाच्या हुकमतीखाली चालणारे शेकडो बैल, पाठीवर गोण्या, गळ्यात घुंगरे, मागे बायका-मुले आणि राखणीचे कुत्रे. कोकणातून वर जाई ते मीठ, सुकी मासळी, नारळ, तांदूळ आणि मुंबईच्या बंदरात उतरलेले कापड व धातू. देशावरून खाली येई कापूस, गूळ, गहू, तेलबिया. मिठाचा व्यापार नुसत्या आकड्यांनी कळत नाही. घाटमाथ्यावरच्या प्रत्येक चुलीवरचे मीठ कुणा बैलाच्या पाठीवरून हा कडा चढून गेलेले असे.

भोवतालच्या रानातल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांचाही या बाजाराशी संबंध होता. कातकऱ्यांचा परंपरागत धंदा खैराच्या लाकडापासून कात काढण्याचा. शिवाय मध, लाकूडफाटा, कोळसा. जंगलातला माल बाजारात येई आणि बदल्यात धान्य, मीठ, कापड जाई. त्या व्यवहारात तोलणारा हात बहुतेक वेळा दुसऱ्याचा असे आणि कर्जाचे ओझे कातकऱ्याच्या डोक्यावर. पुढे इंग्रजी अमलात जंगले राखीव झाली, खैर तोडणे गुन्हा ठरले आणि ज्या धंद्यावरून जमातीचे नाव पडले तोच हातून गेला. खोपोलीच्या समृद्धीचा इतिहास लिहिताना ही बाजू गाळली तर तो इतिहास अर्धा राहील.

१८०३-०४च्या मोहिमांत आर्थर वेलस्लीने तोफा नेण्याजोगी वाट करून घेतली, पण चाकांचा खरा रस्ता झाला १८३० मध्ये. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाट गाड्यांसाठी खुला केला. गोणीच्या जागी गाडी आली आणि बैलाच्या पाठीवरचे ओझे जुवावर आले. दोन बैलांची गाडी कितीतरी बैलांचा माल ओढी. तांड्यांचा ऱ्हास इथून सुरू झाला. खोपोलीत मात्र वर्दळ वाढली. गाडीतळ आला म्हणजे त्याच्यामागे लोहार, सुतार, पत्री ठोकणारे, पेंढा-कडबा विकणारे, शिधा देणारे वाणी हे सारे आले. घाट चढताना जादा जोडी जुंपावी लागे.

मग आली आगगाडी. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे मार्ग सुरू झाल्यावर तीनच वर्षांत, १२ मे १८५६ रोजी, लोहमार्ग पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत पोहोचला. देशातल्या अगदी पहिल्या रेल्वे स्थानकांत या घाटपायथ्याच्या गावाचे नाव लागले. १४ जून १८५८ रोजी वर खंडाळा-पुणे मार्गही सुरू झाला. मधला घाट तेवढा उरला. प्रवाशांनी खोपोलीला उतरायचे, पालखी, डोली, तट्टू किंवा गाडीने घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचे. ही पाच-सात वर्षे खोपोलीच्या आयुष्यातली सर्वांत गजबजलेली. मुंबई आणि दख्खन यांच्यामधला सारा माल आणि सारे उतारू एका गावात उतरवून पुन्हा चढवले जात होते.

घाटातले काम जेम्स बर्कली या अभियंत्याच्या देखरेखीखाली १८५६ मध्ये सुरू झाले. सुमारे २५ किलोमीटरांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आठ मोठे कमानी पूल. जानेवारी १८६१ मध्ये कामावर ४२ हजार माणसे होती. या मुलखाने इतकी माणसे एकत्र कधी पाहिली नसतील. दोरखंडाला लोंबकळत कड्यावर सुरुंगाची भोके पाडणारे, पहार आणि घमेली घेऊन चढणारे, देशावरच्या दुष्काळी गावांतून कुटुंबासह आलेले हे लोक पाल्यापाचोळ्याच्या झोपड्यांत राहिले. पावसात काम बंद, मजुरी बंद. कॉलऱ्याच्या साथींनी छावण्याच्या छावण्या ओस पडल्या. १८५९च्या सुरुवातीला मजुरी थकल्यावरून मजुरांचा उद्रेक झाला, फॅव्हिएल या ठेकेदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजारी पडून वारला आणि ठेक्याची जबाबदारी त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एका विधवेने हिंदुस्थानातल्या सर्वांत अवघड रेल्वे कामाचा ठेका निभावून नेला, ही घटना आपल्या शाळांत सांगितली गेली पाहिजे. आणि त्याच तासाला सांगितले पाहिजे की कड्यावरून पडलेल्या, सुरुंगात सापडलेल्या, साथीत गेलेल्या मजुरांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत.

लोकांनी ती उणीव आपल्या परीने भरून काढली. घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगराने गोऱ्या साहेबांना कड्यातून चढणारी वाट दाखवली, बक्षीस माग म्हटल्यावर देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्यापायी प्राण गमावले, अशी कथा सांगतात. कागदोपत्री पुरावा मागू नये. ही मजुरांच्या आणि गुराख्यांच्या स्मृतीने रचलेली कथा आहे. डोंगराची वाट जनावरे हाकणाऱ्यालाच आधी ठाऊक असते, ही तिच्यातली गोष्ट शंभर टक्के खरी. आजही ट्रकचालक तिथे नाणे टाकून पुढे जातात.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाच्या लोहमार्गाचे उद्घाटन झाले. मुख्य मार्ग पळसदरीवरून खोपोलीला न येता ठाकूरवाडीकडून डोंगराला भिडला. एका दिवसात खोपोलीचा थांबा संपला. पालख्या, डोल्या, तट्टे, शिधा विकणारी दुकाने यांची गरजच उरली नाही आणि गाव एका फाट्याच्या टोकाला जाऊन बसले. थांब्याचा मान कर्जतकडे गेला. चढणीसाठी मागे जादा इंजिन लावायचे तर गाडी तिथे उभी करावीच लागते. त्या काही मिनिटांच्या उभ्या गाडीतून कर्जतचा बटाटेवडा जन्माला आला. दिवाडकरांच्या वड्याची चव पुण्या-मुंबईच्या पिढ्यान्‌पिढ्यांना ठाऊक आहे. खोपोलीच्या शिध्याची गादी कर्जतच्या वड्याने चालवली असे म्हटले तरी चालेल.

१८९१ मध्ये खोपोलीसह कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यातून कुलाब्यात आला. याच जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. कारभाराचा ठाव बदलला तरी खोपोलीला उठाव आला तो निराळ्याच कारणाने, आणि पुन्हा पाण्यामुळेच.

घाटमाथ्यावर पडणारा पाऊस अडवून तो कड्यावरून खाली सोडला तर वीज तयार होईल, हे स्वप्न जमशेटजी टाटांनी पाहिले. ते १९०४ मध्ये गेले. काम त्यांच्या मुलांनी पुढे नेले. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली, ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याला पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा ही धरणे वर आणि वीजघर खाली खोपोलीला. मधे सुमारे १,७०० फुटांची उंची. जाड पोलादी नळांतून पाणी एवढ्या उंचीवरून धावत येऊन चक्रावर आदळे. ११ फेब्रुवारी १९१५ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी कळ दाबली आणि खोपोलीची वीज मुंबईच्या कापड गिरण्यांकडे निघाली. ज्या चढणीने हजारो वर्षे माणसाला आणि बैलाला दमवले, तीच चढण आता उलट दिशेने गिरण्या चालवू लागली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीला दुसरे वीजघर आले. खोपोलीत वीज करून मोकळे झालेले पाणी पाताळगंगेत उतरते. त्यामुळे एरवी उन्हाळ्यात आटली असती ती नदी बारमाही झाली आणि रसायनी-पाताळगंगा पट्ट्यातले कारखाने व वस्त्या तिच्यावर उभ्या राहिल्या. नानांच्या तलावाने वाटसरूची तहान भागवली, टाटांच्या पाण्याने महानगराची यंत्रे चालवली. धरणांखाली गेलेल्या मावळातल्या शेतांचा हिशेब या कौतुकाच्या शेजारीच मांडावा लागतो.

मुंबईकडे जाणाऱ्या याच विजेचे मनोरे १९४२च्या लढ्यात आझाद दस्ता या भूमिगत गटाने लक्ष्य केले. त्याचे नेते भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे कर्जत तालुक्याचे सुपुत्र, माथेरानच्या नाभिक कुटुंबातले, पेशाने वकील. भूमिगत होण्याआधी त्यांनी तालुक्यातल्या गावांत शाळा सुरू केल्या आणि सावकाराच्या तावडीतून कुळांची सुटका व्हावी म्हणून धान्यपेढ्या काढल्या. पावसाळ्यात पोटाला धान्य द्यायचे, सुगीला परत घ्यायचे. शाळा आणि धान्याचे कोठार एकत्र चालवणारे हे खरे मिशन. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. कोतवाल तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते.

स्वातंत्र्यानंतर वीज, पाणी, लोहमार्ग आणि हमरस्ता ही चारही साधने हाताशी असल्याने खोपोलीत कारखाने आले. महिंद्र युजिनचा पोलाद कारखाना, झेनिथचा पोलादी नळांचा कारखाना ही त्यांतली ठळक नावे. देशावरून, मराठवाड्यातून, उत्तरेतून कामगार आले आणि गावाचे शहर झाले. पाताळगंगेच्या काठी गगनगिरी महाराजांचा आश्रम उभा राहिला. तिथे येणाऱ्या भाविकांमुळे तीर्थयात्रेची जुनी रीत नव्या रूपाने चालू राहिली. २००८ मध्ये महाराजांनी इथेच देह ठेवला.

२००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे सुरू झाला आणि थांबा आणखी आखूड झाला. खालापूरच्या टोलनाक्यावर गाडीचा वेग तेवढा मंदावतो. माल्कमच्या रस्त्यावरचा, १८३० सालचा, ‘अमृतांजन पूल’ म्हणून सर्वांच्या तोंडी असलेला दगडी पूल एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात सुरुंग लावून पाडण्यात आला. वाहतुकीला त्याचे खांब अडथळा होते हे खरे. पण एकशे नव्वद वर्षांच्या पुलाला निरोप देताना तालुक्यात त्याचे मोजमाप आणि एखादी कमान तरी जपून ठेवायला हवी होती. अशी चूक पुन्हा घडू देता कामा नये.

वीरेश्वराचे देऊळ आणि तलाव अजून जागेवर आहेत. महाशिवरात्रीला दर्शनासाठी गर्दी होते, संध्याकाळी काठावर माणसे फिरायला येतात. भोवती शहर दाटत चालले आहे. तलावाचे पाणी स्वच्छ राहावे, त्यात सांडपाणी आणि निर्माल्य जाऊ नये, जुन्या दगडी पायऱ्यांवर सिमेंटचा गिलावा चढू नये, दुरुस्ती करताना पुरातत्त्व जाणणाऱ्यांचा सल्ला घेतला जावा, या मागण्या फार मोठ्या नाहीत. तलावापाशी मराठीत एक फलक असावा. त्यावर नाना फडणवीसांचे नाव असावेच. तांडेवाले, गाडीवान, डोली वाहणारे भोई आणि घाटात खपलेले मजूर यांचाही उल्लेख असावा. कोंडाण्याच्या बलकालाही त्यात एक ओळ मिळावी.

कर्जत-खालापुरातल्या जुन्या घरांत अजून पेट्या आहेत : गाडीवानीचे परवाने, मोडी दस्त, रेल्वेच्या पासांचे तुकडे, वीजघरातल्या नोकरीची पत्रे, गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांची छायाचित्रे, आजोबांनी लिहिलेल्या खतावण्या. दर पावसाळ्यात त्यांतली काही वाळवीच्या आणि ओलीच्या स्वाधीन होतात. वाचकहो, तुमच्या घरी असे काही असेल तर टाकू नका. त्याची छायाचित्रे काढा, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्यामागची हकिकत लिहून घ्या आणि एक प्रत गावातल्या वाचनालयाकडे द्या.